खडखड लिंक रॉडची, एस्टिमेट अख्ख्या सस्पेन्शनचं

गाडी खड्ड्यातून गेली की पुढून खडखड वाजते, एवढीच तक्रार घेऊन माणूस सर्व्हिस सेंटरला जातो. हातात पडतं ते पानभर एस्टिमेट: दोन शॉकअब (शॉक ॲब्सॉर्बर), दोन माउंट, दोन्ही लोअर आर्म, लिंक रॉड, अलाइनमेंट आणि वर ‘इंजिन डीकार्बनायझिंग’. यातल्या एखाद्या ओळीचा दर बहुधा खोटा नसतो. पार्ट छापील किमतीला लावलेला असतो आणि लेबरही त्यांच्या दरपत्रकातलंच असतं. फुगवटा असतो तो ओळींच्या संख्येत. म्हणून ‘जरा कमी करा हो’ म्हणत घासाघीस केली तर शेवटच्या आकड्यातून चार पैसे सुटतात. प्रत्येक ओळीला ‘हे कशावरून ठरवलं?’ असं विचारलं, तर कित्येक ओळी आपोआप गळून पडतात.

याची सुरुवात एस्टिमेटच्या आधी, गाडी देतानाच होते. जॉब कार्डवर, म्हणजे गाडी घेताना भरतात त्या कागदावर, पार्टचं नाव लिहू देऊ नका, लक्षण लिहायला लावा. ‘सस्पेन्शन चेक’ हे शब्द म्हणजे कोरा चेक. त्याऐवजी ‘२० ते ३० च्या वेगात, छोट्या खड्ड्यांत, पुढून डावीकडे टकटक, ब्रेक दाबला तरी तशीच’ एवढं लिहा. कार्डवर किलोमीटरचा आकडा असू द्या आणि ‘फोनवर विचारल्याशिवाय जादा काम करू नये’ हे वाक्य स्वतः लिहून सही करा. जमलं तर गाडीत शेजारी बसवून एक चक्कर मारून आणा, पण काउंटरवर गाडी जमा करून घेणाऱ्या ॲडव्हायझरला नव्हे, प्रत्यक्ष काम करणाऱ्याला. ॲडव्हायझरचं काम विक्रीचं असतं आणि बऱ्याच ठिकाणी त्याला दर गाडीमागे टार्गेटही असतं. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही, पण दोषाचं निदान त्याच्या तोंडून ऐकू नये.

एस्टिमेट वाचताना

प्रत्येक पार्टपुढे पार्ट नंबर, नग, किंमत आणि लेबर वेगवेगळं मागा. पार्ट नंबर मिळाला की तोच नंबर घेऊन दुकानात किंवा ऑनलाइन छापील किंमत पाच मिनिटांत कळते. नुसतं ‘सस्पेन्शन किट’ लिहिलेलं एस्टिमेट परत करायचं.

कराची गंमत नीट समजून घ्या. पाकिटावरची छापील किंमत सगळे कर धरून असते. २,३६० रुपये छापलेल्या पार्टमध्ये २,००० मूळ किंमत आणि ३६० जीएसटी आधीच आहे. त्यावर पुन्हा १८ टक्के लावले की ४२४ रुपये ८० पैसे फुकटचे जातात, आणि हा प्रकार लहान गॅरेजांत सर्रास दिसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे कुणी अजून जुने २८ टक्के लावत असेल तर तिथेच थांबवा. लेबरवरही १८ टक्केच. बिलावरचा जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो आणि गुजरातेतला असेल तर २४ ने सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की दुकानाचं नाव दिसतं. ज्या गॅरेजची नोंदणीच नाही, त्याला कर वसूल करायचा अधिकार नाही.

लेबरमध्ये एकच काम दोनदा लावण्याची युक्ती सगळ्यांत जुनी. क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. तो उतरलेला असताना क्रँकचं मागचं ऑइल सील बदललं, तर सीलचे पैसे द्या, पण गिअरबॉक्स उतरवण्याचं लेबर दुसऱ्यांदा देऊ नका. टायमिंग बेल्टसोबत वॉटर पंप, शॉकअबसोबत माउंट, बंपर काढून एसीचा कंडेन्सर बदलताना त्याच्या मागचा रेडिएटर, या जोड्या लक्षात ठेवा. ‘हे त्याच खोलाईत होतं ना?’ असा सरळ प्रश्न टाका.

मग तुमच्या गाडीत नसलेल्या वस्तू शोधा. हल्लीच्या बहुतेक लहान गाड्यांत पॉवर स्टिअरिंग विजेवर चालतं, त्यात तेल नसतंच. तरी ‘पॉवर स्टिअरिंग ऑइल टॉप-अप’ बिलात सापडतं. मारुतीच्या के-सीरिज इंजिनात टायमिंग चेन असते, ह्युंदाईच्या कप्पातही चेनच. तिथे ‘टायमिंग बेल्ट किट’ ही ओळच चुकीची. इंजिन ऑइल लहान पेट्रोल गाडीत साधारण तीन ते साडेतीन लिटर बसतं. नेमका आकडा आणि ग्रेड ग्लोव्ह बॉक्समधल्या पुस्तिकेत असतो. बिलात चार लिटर असेल, तर उरलेलं ऑइल कुठे गेलं ते विचारा.

इंजिन फ्लश, थ्रॉटल क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग, इंजिन ड्रेसिंग, उंदीर पळवणारा स्प्रे. पुस्तिकेतल्या सर्व्हिसच्या तक्त्यात यांची नावं शोधा. नसतील तर लक्षणाशिवाय घेऊ नका. आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन चालू असताना, गाडी थरथरत असेल तर थ्रॉटल साफ करणं योग्य. नुसतं ‘चाळीस हजार झाले ना साहेब’ हे कारण नव्हे.

ओळ खरी की खोटी, हे कसं पाहायचं

सुरुवातीच्या खडखडीचंच घ्या. बारीक खड्ड्यात टकटक, पण मोठ्या खड्ड्यात फारशी नाही, हे लक्षण बहुधा स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंक रॉडचं. दोन्ही लिंक रॉड सोडवून गाडी हळू वेगात गल्लीत फिरवायची. आवाज गेला तर दोषी सापडला. अर्ध्या तासाचं काम. बॉल जॉइंट पाहायला चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवायचं. खेळ लागला तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. डावी-उजवीकडून धरून हलवल्यावर खेळ लागला तर टाय रॉड एंड किंवा रॅक. लोअर आर्मचं फक्त रबर फाटलं असेल, तर बऱ्याच गाड्यांत बुश सुटा मिळतो आणि प्रेसवर बसवता येतो. काही मॉडेलांत बॉल जॉइंट आर्मलाच जोडलेला येतो, तिथे मात्र अख्खा आर्म लागतो. शॉकअबवर धूळ चिकटलेला तेलाचा पुसट थर असला म्हणून तो गेलेला नसतो. तेल ओघळत असेल तर गेला. आणि गेला असेल तर एका ॲक्सलचे दोन्ही बदलायचे, ती लूट नाही. ब्रेक पॅडचंही तसंच.

पॅड नवे असताना घासायचा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो, ३ च्या आसपास आला की बदलायचे. ‘घिसले आहेत’ हे उत्तर नको, मिलिमीटर सांगा म्हणावं. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. व्हर्नियर लावून मोजल्याशिवाय डिस्क बदलू देऊ नका. क्लचची शंका असेल तर मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये कमी वेगात ॲक्सिलरेटर दाबून पाहा. आरपीएम उसळलं आणि वेग वाढला नाही, तर प्लेट घसरते आहे. तेव्हा प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम घ्या, कारण महागडं लेबर एकदाच द्यायचं असतं.

चेक इंजिनचा दिवा लागला की ‘सेन्सर गेला’ हे ठरलेलं उत्तर. स्कॅनरवर आलेला कोड लिहून घ्या. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त. कारण फाटलेला व्हॅक्यूम पाइप असेल, मळलेला एअरफ्लो सेन्सर असेल किंवा इंधनाचा दाब कमी असेल. हा कोड पाहून थेट ऑक्सिजन सेन्सर बदलणं म्हणजे अंदाजाचे पैसे गिऱ्हाइकाकडून घेणं. कोड फक्त कुठे पाहायचं ते सांगतो. पुढची तपासणी काय केली, ते विचारायला हवं.

आता एसी. बडोद्याच्या मे महिन्यात एसी बंद पडला की माणूस कुठल्याही आकड्याला हो म्हणतो, आणि म्हणूनच सगळ्यांत फुगलेली एस्टिमेटं एसीचीच. पहिली गोष्ट: गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय. दर उन्हाळ्यात गॅस भरून देणारा तुम्हाला गिऱ्हाईक म्हणून सांभाळतोय, गाडी दुरुस्त करत नाही. तपासायचा क्रम स्वस्तापासून महागाकडे असावा. हवाच कमी येते? केबिन फिल्टर काढून पाहा, तुंबलेला असेल. हवा भरपूर पण थंड नाही, आणि गाडी चालू लागली की गार होते? कंडेन्सरचा पंखा किंवा कंडेन्सरवर बसलेली धूळ. कॉम्प्रेसर खळखळ वाजतो? बरेचदा तो पुलीच्या बेअरिंगचा आवाज असतो. एसी बंद असतानाही आवाज येत असेल तर अख्खा कॉम्प्रेसर बदलायच्या आधी बेअरिंग पाहा.

यातलं काही नसेल तर गळती. सिस्टिममध्ये नायट्रोजन भरून निदान अर्धा तास दाब टिकतो का पाहतात, सांध्यांना साबणाचं पाणी लावतात. कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असते, तिथे साबण पोचत नाही. तिच्यासाठी गॅस डिटेक्टरची नळी ब्लोअरपाशी किंवा पाणी गळायच्या पाइपपाशी धरतात. ‘कूलिंग कॉइल लीक’ ही ओळ सगळ्यांत महागड्या लेबरची, कारण डॅशबोर्ड खोलावा लागतो, आणि खोललेला डॅशबोर्ड नंतर किरकिरतो. म्हणून डिटेक्टर तुमच्या समोर वाजल्याशिवाय तिला मंजुरी नाही. सांधे आणि कंडेन्सर आधी तपासले का, तेही विचारा. समोरून उडालेल्या खड्याने कंडेन्सरला भोक पडणं हे त्याहून सहज होणारं. गळती काढल्यावर २० ते ३० मिनिटं व्हॅक्यूम, मग गॅस. किती? बोनेटखालच्या स्टिकरवर गॅसचा प्रकार आणि ग्रॅम लिहिलेले असतात. बिलातही ‘गॅस फुल’ नको, ग्रॅम हवेत.

पुरानंतरचं एस्टिमेट

हे आपल्या बडोद्याचं खास दुखणं. जुलै-ऑगस्ट २०१९ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली, तेव्हा पार्किंगमध्ये उभ्या गाड्या जागच्या जागी बुडाल्या. अशा वेळी एकाच आठवड्यात सगळ्या गॅरेजांबाहेर रांगा लागतात, आणि सगळ्यांना एकच एस्टिमेट मिळतं: इंजिन ओव्हरहॉल, वायरिंग हार्नेस, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), एअरबॅग मॉड्यूल.

पाणी ओसरल्यावर चावी फिरवू नका. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. विमा कंपनीही इथेच हात वर करते. इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर नसेल, तर बुडलेली गाडी चालू केल्यामुळे झालेलं इंजिनचं नुकसान साध्या पॉलिसीत नाकारलं जातं. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा, नंबर प्लेटसकट पाण्याच्या रेषेचे फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, आणि मगच गाडी उचलून न्या. उचलण्याआधी गॅरेजला पार्किंगचे आणि एस्टिमेटचे पैसे किती ते लेखी विचारा. टोटल लॉसमध्ये, म्हणजे दुरुस्ती परवडत नाही म्हणून गाडी निकालात काढताना, ती आठवडे पडून राहते आणि हे आकडे तुमच्या माथी येतात.

इंजिन ओव्हरहॉलची ओळ मंजूर करण्याआधी एअर फिल्टरचा डबा उघडायला लावा. फिल्टर कोरडा आणि गाडी चालू केलेली नसेल, तर इंजिनने पाणी ओढलं नसण्याची शक्यता मोठी. ऑइल काढून पाहा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. प्लग काढून इंजिन हाताने फिरवायचं, स्वस्त ऑइल भरून थोडा वेळ चालवायचं, ते काढून मग नेमक्या ग्रेडचं ऑइल आणि फिल्टर. त्यानंतर प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन लेखी घ्या. सिलिंडरांतला फरक दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन खोलायची घाई कशाला? गिअर ऑइल मात्र बदलाच. स्टार्टर आणि अल्टरनेटर पुष्कळदा खोलून, वाळवून, बेअरिंग-ब्रश बदलून चालू होतात. एस्टिमेटमध्ये ते नवेच लावलेले असतात.

एका ओळीवर घासाघीस करू नये. एअरबॅगचं मॉड्यूल बऱ्याच गाड्यांत मधल्या कन्सोलखाली, जमिनीलगत असतं. सीटपर्यंत पाणी आलं असेल तर ते बुडालेलंच समजा आणि बदला. कार्पेट आणि खालचा फोम पूर्ण काढून वाळवायला लावा. वरवर सुकवलेल्या गाडीत दोन-तीन महिन्यांनी कनेक्टर हिरवे पडतात आणि मग एकेक दिवा, एकेक काच बंद पडू लागते. पाणी डॅशबोर्डपर्यंत गेलं असेल तर दुरुस्तीचा आग्रहच सोडा: खर्च आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी टोटल लॉस धरते.

किरकोळ अपघातात उलटं गणित करावं लागतं. ‘इन्शुरन्समध्ये बसवून देतो’ म्हणत गॅरेजवाला एस्टिमेट वाढवतो, पण झीरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा तुमचाच, वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीने तुमच्या खिशातून. सहा हजारांच्या बंपरमागे चार हजार तुम्हीच भरता. शिवाय क्लेम न केल्याबद्दल मिळणारी ५० टक्के सवलत, नो क्लेम बोनस, शून्यावर येते. सवलतीआधीचा ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) हप्ता ८,००० असेल, तर पुढच्या एकाच वर्षी ४,००० जास्त. चिरलेला बंपर प्लास्टिक वेल्डिंगने सांधून खिशातून पैसे देणं बहुतेकदा स्वस्त पडतं.

मिस्त्री शोधताना

गूगलवरच्या ताऱ्यांपेक्षा स्पेअर पार्टच्या दुकानातला काउंटरवरचा माणूस जास्त जाणतो. कोण अस्सल माल नेतो, कोण ‘लोकल दे, डबा कंपनीचा दे’ म्हणतो, हे त्याला रोज दिसतं. तुमच्याच मॉडेलच्या पार्टबद्दल बोलता बोलता विचारा. अहमदाबाद-सुरत फेऱ्या मारणाऱ्या टॅक्सीमालकांना विचारा. त्यांना दर किलोमीटरचा हिशेब असतो. दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्या आपल्या मराठी मंडळींत प्रत्येकाचा एक ‘घरचा’ मिस्त्री असतो, पण शिफारस करणाऱ्याची गाडी कुठली ते आधी पाहा. जुन्या मारुतीत मुरलेला हात टर्बो डिझेलवर किंवा ऑटोमॅटिकवर चालेलच असं नाही. मकरपुरा, गोरवा भागांत आधी कंपनीच्या वर्कशॉपात काम केलेले आणि नंतर स्वतःचं गॅरेज टाकलेले लोक सापडतात. अशा ठिकाणी तुमच्या मेकच्या चार गाड्या उभ्या दिसल्या तर चांगली खूण. एसी, वायरिंग आणि डेन्टिंग-पेंटिंग या तिन्हींना वेगळे कारागीर लागतात. ‘सगळं इथेच होतं’ म्हणणारा बहुधा बाहेरून करून आणतो आणि मधले पैसे लावतो.

नव्या मिस्त्रीकडे पहिल्यांदा मोठं काम देऊ नका. ऑइल बदलायला द्या, ऑइल-फिल्टर तुम्ही विकत नेलेलं, जुन्या फिल्टरवर मार्करने खूण केलेली. तो ड्रेन प्लगचा वॉशर बदलतो का, पाना किती जोर लावून आवळतो, शेवटी डिपस्टिक पाहतो का, एवढ्यात बरंच कळतं. सोबत एक प्रश्न विचारा ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे. मागच्या आठवड्यात मोजलेले पॅड ७ मिलिमीटर असतील तर विचारा, ‘भाई, पॅड बदलायला हवेत का?’ ‘अजून वर्ष निघेल’ म्हणाला तर पुढच्या वेळी इथेच यायचं.

आणि तपासणीचे पैसे वेगळे द्या. हे लोकांना पटत नाही, पण फुकट निदान करणाऱ्याचं पोट पार्ट विकण्यावरच भरतं. ‘फक्त दोष शोध, त्याचे एवढे घे, काम कुठे करायचं ते मी नंतर ठरवीन’ असं आधी बोलून घेतलं की मत बरंच स्वच्छ मिळतं. काम त्यालाच दिलं तर पार्टवर त्याला थोडं सुटणार, हे मान्य करा. सगळे पार्ट स्वतः आणून दिलेत तर बिघाड झाल्यावर तो पार्टकडे बोट दाखवील आणि दुकानदार त्याच्याकडे.

गाडी वॉरंटीत असेल तर ठरलेल्या सर्व्हिस कंपनीकडेच करा, पण टायर, बॅटरी, पॅड, वायपर यांना तिथली सक्ती नाही.

काम देताना सांगून ठेवायचं: ‘पाकुं बिल आपजो, ने जूनो सामान पाछो आपजो’, म्हणजे पक्कं बिल द्या आणि जुनं सामान परत द्या. जुने पार्ट काम सुरू होण्याआधी मागितलेले असले पाहिजेत; नंतर मागितले की ते भंगारात गेलेले असतात. मिळाल्यावर नव्याच्या पाकिटावरचा नंबर आणि जुन्यावरचा नंबर ताडून पाहा. स्टिअरिंग रॅक आणि अल्टरनेटर रंगवून ‘नवे’ म्हणून बसवले जातात. पाकीट दाखवता येत नसेल तर नव्याची किंमत देऊ नका. बिलावर कामाची वॉरंटी दिवसांत किंवा किलोमीटरमध्ये लिहून घ्या.

मंजूर न केलेलं काम बिलात लावलं तर जॉब कार्डचा नंबर घालून आधी वर्क्स मॅनेजरला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करा. फोनवर बोलणं पुरावा म्हणून टिकत नाही. उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, आणि तिथेही सुटलं नाही तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, मुदत दोन वर्षांची, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. दरम्यान गाडी अडवून ठेवली असेल तर पैसे ऑनलाइन भरा, रोख नको, आणि बिलाच्या त्यांच्या प्रतीवर सहीपाशी लिहा: ‘रक्कम मान्य नाही, गाडी सोडवण्यासाठी भरली.’ त्या प्रतीचा फोटो काढूनच चावी घ्या.